एक पडदा, अनेक उत्तरे

अंकलिपीतले पाढ्यांचे पान आठवा. बेचा पाढा एका रकान्यात, त्याच्या शेजारी तीनचा, मग चारचा, मग पाचचा. वरून खाली वाचत गेलो की एकेक पाढा होतो. पण नजर आडवी फिरवली की वेगळेच काही दिसू लागते. पाचव्या ओळीत १०, १५, २०, २५ असे आकडे येतात. म्हणजे पाचाचा पाढाच आडवा पडलेला! हेच चार पाढे एकाखाली एक छापले असते, तर ही गंमत सहजासहजी कुणाच्या लक्षात आली नसती. आकडे तेच, पण मांडणी बदलली की दिसणारी गोष्ट बदलते.

संगणकावर आज्ञा टंकून काम करणाऱ्याला हीच अडचण येते. काळ्या पडद्यावर एक आज्ञा दिली की तिचे उत्तर उमटते. दुसरी दिली की तिचे उत्तर त्याच्याखाली उमटते. दोन उत्तरे ताडून पाहायची तर पडदा वरखाली सरकवत बसावे लागते. ती शेजारी शेजारी आणता येतील का? येतात, आणि एकाहून अधिक मार्गांनी येतात. ते मार्ग समजून घेता घेता संगणकाच्या आतल्या कारभाराविषयीही बरेच काही कळते, आणि तक्ते मांडताना होणारी एक धोक्याची चूकही ध्यानात येते. ती चूक आम्ही स्वतः केलेली आहे; तिची हकीकत पुढे येईलच.

एक सूचना आधी देतो. संगणकावर आज्ञा आणि आकडे रोमन लिपीतच टंकावे लागतात. येथे त्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर त्या करून पाहता येतील. विंडोजवर लिनक्स चालवण्याची सोय करून घेतली असेल, तर तेथेही चालतील.

पडदा एकाखाली एकच का लिहितो?

याचे कारण इतिहासात आहे. युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी आकाराला आणायला सुरुवात केली, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप. हा विजेवर चालणारा एक दणकट टंकलेखकच. टेलिटाइप ३३ या यंत्रावर सेकंदाला १० अक्षरे उमटत आणि एका ओळीत ७२ अक्षरे मावत. ओळ संपली की कागद एका ओळीने वर सरके. सरकलेला कागद मागे आणून, अर्ध्या रिकाम्या ओळीच्या उजव्या बाजूला आणखी काही लिहिण्याची सोय नव्हती.

आजचा काळा पडदा त्या कागदाच्या गुंडाळीचाच वारस आहे. आज्ञावली आपल्या उत्तरातली अक्षरे एकामागून एक सोडत जाते. ओळ संपली की 'नवी ओळ' असे सांगणारे एक चिन्ह सोडते. आपले लेखन पडद्यावर कुठे उमटते आहे, याची तिला बहुधा खबरच नसते. ते पडद्यावर जाते आहे, फाइलीत जाते आहे की दुसऱ्या आज्ञावलीकडे, याच्याशी तिला सहसा कर्तव्य नसते.

दोन आज्ञावली एकाच वेळी सुरू करून दिल्या तर? तर दोघींच्या ओळी एकमेकींत मिसळतात. दोन शिक्षक एकाच फळ्यावर, एकाच जागी, एकाच वेळी लिहू लागले तर जे होईल तेच होते. शेजारी शेजारी लिहायचे तर कुणीतरी मधे उभे राहून, 'आता तुमची एक ओळ, आता तुमची एक ओळ' असे सांगायला हवे.

ओळीला ओळ चिकटवणारी आज्ञा

हे मधे उभे राहण्याचे काम पेस्ट नावाची छोटी आज्ञावली करते. पेस्ट म्हणजे चिकटवणे. तिला दोन फाइली दिल्या, तर ती पहिल्या फाइलीची पहिली ओळ घेते, तिच्यापुढे टॅबचे चिन्ह टाकते, त्यापुढे दुसऱ्या फाइलीची पहिली ओळ जोडते आणि नवी ओळ सुरू करते. मग दोन्हींच्या दुसऱ्या ओळी, मग तिसऱ्या. फाइली तीन असोत की दहा, रीत तीच. एखादी फाइल आधी संपली तर तिची जागा रिकामी ठेवून ती पुढे चालू राहते.

पण आपल्याला फाइली नव्हे, चालू आज्ञावलींची उत्तरे जोडायची आहेत. प्रत्येक उत्तर आधी फाइलीत साठवावे आणि मग चिकटवावे, हा सरळ मार्ग झाला. त्याहून सोपा मार्ग नळ्यांचा.

एका आज्ञावलीचे उत्तर थेट दुसरीच्या तोंडी द्यावे, बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तशा आज्ञावली जोडता याव्यात, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच टिपून ठेवली होती. युनिक्समध्ये ती १९७३ साली प्रत्यक्षात आली. त्यासाठी '|' अशी उभी रेघ वापरतात. मात्र या रेघेने एका मागे एकच नळी जोडता येते. पेस्टला तर एकाच वेळी दोन-तीन नळ्या लागतात. बॅश किंवा कॉर्न शेल यांसारख्या शेलमध्ये त्यासाठी पुढील लेखनपद्धती आहे :

पेस्ट <(सेक २ २ २०) <(सेक ३ ३ ३०) <(सेक ४ ४ ४०)

सेक ही आकडे मोजून देणारी आज्ञा आहे. 'सेक २ २ २०' म्हणजे दोनपासून सुरुवात, दोनदोनची वाढ, वीसला शेवट. अर्थात बेचा पाढा. '<(' आणि ')' यांच्या आत जी आज्ञा असेल ती शेल वेगळी सुरू करून देते, तिच्या उत्तराला एक नळी जोडते आणि त्या नळीला फाइलीसारखे नाव देऊन ते पेस्टच्या हाती ठेवते. पेस्टला वाटते, आपण तीन फाइली वाचतो आहोत. प्रत्यक्षात पलीकडे तीन आज्ञावली एकाच वेळी चालू असतात. पडद्यावर उमटते ते असे :

२   ३   ४
४   ६   ८
६   ९   १२

आणि असेच दहाव्या ओळीतल्या २०, ३०, ४० पर्यंत. अंकलिपीचे पान तयार झाले!

रकाने सरळ कसे राहतील?

आकडे लहान होते म्हणून रकाने सरळ आले. नावे जोडून पाहिली की गडबड सुरू होते. टॅब म्हणजे ठराविक रिकामी जागा नव्हे, तर 'पुढच्या थांब्यावर जा' अशी सूचना. हे थांबे सहसा दर आठ अक्षरांवर असतात. रोमन लिपीत 'राम' हे नाव तीन अक्षरांत लिहिले, तर त्यापुढचा टॅब आठ अक्षरांच्या थांब्यावर नेतो. पण बारा अक्षरी नावापुढचा टॅब सोळाच्या थांब्यावर नेतो. साहजिकच रामचे गुण एका रकान्यात आणि त्याच्या मित्राचे दुसऱ्याच ठिकाणी दिसतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पीआर नावाची आज्ञा. ही युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मुळात ती छपाईसाठी पाने आखून देणारी आज्ञा. 'पीआर -एम -टी' असे म्हणून तिला फाइलींची किंवा नळ्यांची नावे दिली, की ती ओळीची रुंदी सर्वांना सारखी वाटून देते. ही रुंदी सांगितली नाही तर ७२ अक्षरे धरली जाते; तीन भागीदार असतील तर प्रत्येकाला सुमारे २४ अक्षरांची जागा मिळते. रकाने अगदी सरळ येतात. पण जी ओळ आपल्या जागेत मावत नाही तिचे शेपूट पीआर निमूटपणे कापून टाकते! म्हणून रुंदी वाढवायला विसरू नये. त्यासाठी '-डब्ल्यू १२०' असे लिहिले की १२० अक्षरांची ओळ मिळते.

दुसरा उपाय, पेस्टचे उत्तर '| कॉलम -टी' अशा नळीतून पुढे पाठवणे. कॉलम ही आज्ञा प्रत्येक रकान्यातला सर्वांत लांब मजकूर शोधते आणि तेवढी जागा सोडून आखणी करते. मजकुरातच मोकळ्या जागा असतील, पूर्ण नावे असतील, तर रकाने टॅबवरच तोडायचे हे तिला वेगळे सांगावे लागते. ती काहीही कापत नाही. मात्र सर्वांत लांब मजकूर कोणता हे सगळ्या ओळी वाचल्यावाचून कसे कळणार? म्हणून शेवटची ओळ हाती येईपर्यंत ती गप्प बसते. कधीच न संपणाऱ्या उत्तरासाठी ती निरुपयोगी.

म्हणजे पेस्ट काही गमावत नाही पण आखणी करत नाही. पीआर आखणी करते पण कापते. कॉलम दोन्ही नीट करते पण वाट पाहायला लावते. सर्व बाजूंनी सोयीचे असे यात काही नाही. काम पाहून निवड करावी.

अडतिसावा मुलगा

आता ती कबूल केलेली हकीकत. काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या ३८ मुलांच्या वर्गाचे निकालपत्रक करायला आम्ही मदत करत होतो. लेखी परीक्षेच्या फाइलीत हजेरी क्रमांक आणि गुण होते. प्रात्यक्षिकाच्या फाइलीत ओळीने नुसते गुण उतरवलेले होते. आम्ही मोठ्या ऐटीने पेस्टची आज्ञा दिली. निमिषार्धात तक्ता तयार! फक्त शेवटच्या, अडतिसाव्या ओळीत प्रात्यक्षिकाची जागा रिकामी होती. आम्ही शिक्षकांना म्हणालो, "हा मुलगा प्रात्यक्षिकाला गैरहजर दिसतो." त्यांनीही त्या जागी गैरहजर असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. "सर, मी तर होतो. माझा प्रयोग तुम्हीच पाहिला होता." मग शोध सुरू झाला. गैरहजर होती ती सतरा क्रमांकाची मुलगी. ज्यांनी गुण उतरवले त्यांनी तिची ओळच लिहिली नव्हती. त्यामुळे अठराव्याचे गुण सतराव्या ओळीत आले, एकोणिसाव्याचे अठराव्या, आणि असे करत करत एकवीस मुलांचे गुण एकेक घर वर सरकले. न आलेल्या मुलीला गुण मिळाले, आलेला मुलगा गैरहजर ठरला आणि मधल्या वीस जणांना परस्परांचे गुण मिळाले. त्यातले कुणीच तक्रार घेऊन आले नव्हते, कारण त्यांच्या नावापुढे काहीतरी आकडा होता आणि तो पटण्यासारखा होता.

चूक पेस्टची नव्हती. तिने सांगितले तेवढेच केले. पहिलीशी पहिली आणि दुसरीशी दुसरी ओळ जोडायची, एवढेच तिला ठाऊक. कोणती ओळ कुणाची, हे तिला कळत नाही. आम्ही मात्र शेजारी आलेल्या आकड्यांना एकाच मुलाचे मानून बसलो. चूक घडली सतराव्या ओळीत आणि तिची खूण दिसली अडतिसाव्या ओळीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे. तक्त्याच्या तळाशी एखादी जागा अनपेक्षितपणे रिकामी दिसली, तर संशय त्या ओळीवर न घेता वरच्या सगळ्या ओळींवर घ्यावा.

पंचांगाची युक्ती

आपल्या पंचांगकर्त्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. पंचांगाच्या पानावर तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे शेजारी शेजारी असतात. प्रत्येकाचे गणित वेगळे. आता समजा, कुणी तिथींची एक यादी केली, वारांची दुसरी केली आणि ओळीला ओळ चिकटवली. काय होईल? चांद्रमासाच्या सरासरी २९.५३ दिवसांत ३० तिथी असतात. म्हणजे तिथी दिवसापेक्षा थोडी लहान. सुमारे ६३ दिवसांत ६४ तिथी होतात. दोन महिन्यांत यादी एका घराने चुकेल, वर्षभरात सुमारे सहा घरांनी.

पंचांगात असे होत नाही, कारण तेथे ओळ ही दिवसाची असते. त्या दिवशीच्या सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या ओळीत लिहायची, असा नियम. एखादी तिथी एकाही सूर्योदयाला सापडली नाही तर तिचा क्षय होतो. दोन सूर्योदयांना सापडली तर वृद्धी. ओळींची संख्या कमीजास्त झाली तरी वार आणि तिथी यांचा मेळ सुटत नाही. जोडणी ओळीच्या क्रमांकाने न होता दोन्हींना सामाईक असलेल्या एका खुणेने होते.

संगणकावर हे काम जॉइन ही आज्ञा करते. दोन्ही फाइलींत पहिल्या रकान्यात हजेरी क्रमांक असेल, तर ती सारख्या क्रमांकाच्या ओळी शोधून जोडते. तीन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पहिली, दोन्ही फाइली त्या क्रमांकाच्या क्रमाने लावलेल्या हव्यात. दुसरी, हा क्रम शब्दकोशासारखा अक्षरांचा असतो, आकड्यांच्या मोठेपणाचा नसतो. शब्दकोशाच्या क्रमात १० हा २ च्या आधी येतो! म्हणून क्रमांक ०१, ०२, ०३ असे दोन अंकी लिहावेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याला जोडीदार सापडत नाही ती ओळ जॉइन एरवी गाळूनच टाकते. आमच्या उदाहरणातली सतरावी मुलगी तक्त्यातून नाहीशीच झाली असती! ती राहावी म्हणून '-ए १ -ए २' असे सांगावे लागते; मग दोन्ही फाइलींतल्या बिनजोडीच्या ओळीही येतात.

जोडण्याआधी तपासणी करायची असेल, तर डिफ नावाची आज्ञा आहे. दोन मजकुरांतला फरक शोधणारी ही आज्ञावली डग्लस मॅकिलरॉय यांनीच बेल प्रयोगशाळेत लिहिली. तिच्या रीतीचे वर्णन करणारा मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांचा लेख १९७६ सालचा. दोन्ही मजकुरांत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची लांबात लांब मालिका शोधायची आणि उरलेल्या ओळी फरक म्हणून दाखवायच्या, ही त्यामागची कल्पना. आजच्या लिनक्सवरील डिफला '-वाय' असे सांगितले की ती दोन मजकूर शेजारी शेजारी मांडते. डावीकडे असून उजवीकडे नसलेल्या ओळीपुढे '<' अशी खूण येते, उलट असेल तर '>' अशी. मुख्य म्हणजे जिथे ओळ नाही तिथे ती मोकळी जागा सोडते आणि पुढच्या ओळी पुन्हा समोरासमोर आणते. दोन्ही फाइलींतले फक्त क्रमांक तिला दिले असते, तर सतराव्या ओळीपुढची एकच खूण आम्हाला सावध करून गेली असती. पण त्यासाठी दोन्ही फाइलींत क्रमांक असायला हवे होते. नुसते गुण लिहिलेल्या यादीला कोणतीच आज्ञा मदत करू शकत नाही.

एका ओळीत, पण एका वेळी नव्हे

असाच फसवा शेजार वेळेच्या बाबतीतही होतो. समजा, संगणकाला दोन तापमापक जोडले आहेत, एक उन्हात आणि एक सावलीत. पहिल्याची आज्ञावली दर सेकंदाला एक ओळ लिहिते, दुसऱ्याची दर दहा सेकंदांना. दोन्ही नळ्या पेस्टला जोडल्या. पेस्ट पहिलीकडून एक ओळ घेते आणि दुसरीच्या ओळीची वाट पाहत थांबते. सगळ्या तक्त्याची गती सर्वांत हळू असणाऱ्याची होते. पहिलीच्या जास्तीच्या ओळी नळीत साठत राहतात. लिनक्सवर अशा नळीत साधारणतः ६५,५३६ बाइट मावतात. नळी भरली की पहिलीला थांबावे लागते. त्याआधीच साठाव्या ओळीत काय झालेले असते पाहा : उन्हातले तापमान पहिल्या मिनिटाचे आणि सावलीतले दहाव्या मिनिटाचे! आकडे शेजारी, पण त्यांच्यात नऊ मिनिटांचे अंतर.

दुसरी एक अडचण नवख्यांना कोड्यात टाकते. पडद्यावर लिहिताना आज्ञावली ओळ पूर्ण झाली की लगेच सोडते. पण समोर नळी आहे असे दिसले की बहुतेक आज्ञावली मजकूर साठवून ठेवतात आणि साठा भरला की एकदम ओततात. टपालपेटीतले पत्र लगेच निघत नाही, पेटी उघडण्याच्या वेळीच निघते, तसे. हा साठा सहसा ४०९६ बाइटचा असतो. दर सेकंदाला ३० बाइटची ओळ येत असेल, तर पहिली दोन मिनिटे पडदा कोराच! संगणक अडकला असे समजून आपण तो बंद करतो. आज्ञेच्या आधी 'एसटीडीबफ -ओएल' एवढे लिहिले, तर बहुतेक आज्ञावली ओळीओळीने मजकूर सोडू लागतात.

वेळेचा मेळ साधण्याचा उपाय पुन्हा पंचांगाचाच. प्रत्येक ओळीत तिची वेळ लिहावी आणि वेळ ही खूण धरून जोडावे.

फळ्यावर उभी रेघ

कधीकधी ओळीला ओळ जोडायचीच नसते. दोन कामे चालू आहेत आणि दोन्हींवर नजर ठेवायची आहे, एवढेच. अशा वेळी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढावी तसे पडद्याचे भाग करणे सोयीचे.

कागद गेला आणि काचेचा पडदा आला, तेव्हा हे शक्य झाले. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर २४ ओळी आणि ८० अक्षरे मावत. त्याला विशिष्ट चिन्हे पाठवली की कर्सर हव्या त्या ओळीत, हव्या त्या रकान्यात जाई. पडद्यावरचा ठराविक ओळींचा एक पट्टा तेवढा सरकवण्याचीही सोय होती. पण हा पट्टा कायम आडवा, पूर्ण रुंदीचा. त्यामुळे वर एक आणि खाली एक असे भाग पाडणे सोपे होते. डावा आणि उजवा असे भाग पाडणे अवघड, कारण अर्धी ओळ सरकवायला यंत्र तयार नव्हते. नेमके 'शेजारी शेजारी' हेच कठीण!

ही अडचण आज्ञावलींनी सोडवली. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी १९८७ साली स्क्रीन नावाची आज्ञावली तयार केली. २००७ साली निकोलस मॅरियट यांनी त्याच जातीची टीमक्स ही आज्ञावली लिहायला घेतली. टीमक्स प्रत्येक भागासाठी एक खोटे टर्मिनल निर्माण करते. त्यातल्या आज्ञावलीला वाटते, सगळा पडदा आपलाच. ८० अक्षरांचा पडदा उभा दुभंगला, तर एक रकाना मधल्या रेघेला जातो, एका आज्ञावलीला '४० अक्षरांचा पडदा आहे' असे सांगितले जाते आणि दुसरीला ३९ अक्षरांचा. दोघींनी काय लिहिले याची नोंद टीमक्स स्वतःच्या स्मृतीत ठेवते आणि खऱ्या पडद्यावर ज्याची जागा त्याला देऊन सगळे स्वतः रंगवते. अर्धी ओळ सरकवायची असेल तर तेवढा भाग पुन्हा लिहून काढते.

वापरायलाही ती सोपी आहे. टीमक्स सुरू केल्यावर कंट्रोल आणि बी या कळा एकत्र दाबून सोडायच्या आणि मग '%' टंकायचे. डावा-उजवा असे दोन भाग होतात. '%' ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह टंकले तर वरचा-खालचा असे भाग होतात. मात्र येथे समोरासमोरच्या ओळींचा काहीही संबंध नसतो. दोन खिडक्यांतून दोन रस्ते पाहावेत, तसे हे पाहणे.

देवनागरीचा पेच

मराठी नावे असलेल्या फाइलींत एक खास अडचण येते. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात अक्षरे किती? वर्गात विचारले तर मुले चार म्हणतील : ज्ञा, ने, श्व, री. युनिकोडच्या हिशेबात मात्र व्यंजने, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताची चिन्हे वेगवेगळी मोजली जातात. तेथे ती ११ होतात. आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ३३ बाइट. ज्या आज्ञावली जागा बाइटवरून मोजतात त्यांना हा शब्द ३३ घरांचा वाटतो, आपल्या डोळ्याला तो चार-पाच घरांचा दिसतो. रकाने वाकडेतिकडे होतात ते यामुळे. १९९१ सालच्या इस्की या भारतीय मानकात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट होता. तेथेही ११ आणि चार यांतला फरक होताच.

यावर एक घरगुती उपाय आम्ही वापरतो. क्रमांक आणि गुण डावीकडच्या रकान्यांत ठेवायचे आणि मराठी नाव अगदी शेवटच्या रकान्यात. शेवटच्या रकान्यानंतर काहीच नसल्यामुळे त्याची लांबी कितीही चुकीची मोजली गेली तरी बिघडत नाही.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हा पाठ घेता येतो. दोन मुलांना फळ्याजवळ उभे करा. एकाने वर्गातल्या पहिल्या दहा मुलांची नावे ओळीने लिहावी, दुसऱ्याने शेजारी त्यांच्या उंच्या. दुसऱ्याला गुपचूप सांगा, की चौथ्या मुलाची उंची लिहायची विसर. मग वर्गाला विचारा, तक्ता बरोबर आहे का? कितव्या ओळीवर पहिला हात वर होतो आणि तो कुणाचा असतो, हे पाहा. आता दोघांनाही प्रत्येक ओळीआधी हजेरी क्रमांक लिहायला सांगा आणि तीच चूक पुन्हा करवा. या वेळी चूक किती लवकर सापडते, ते मुलांनाच मोजू द्या.

संगणक असेल तर पाढ्यांची आज्ञा देऊन तक्ता काढा. मग बेच्या पाढ्यातली एक ओळ वगळून तो पुन्हा काढा आणि आडवे पाढे कुठून मोडतात ते शोधायला सांगा.

आम्ही आता कोणतेही दोन रकाने शेजारी ठेवले, की आधी स्वतःला एक प्रश्न विचारतो : या ओळीतले हे दोन आकडे एकाचेच आहेत, हे कशावरून? उत्तर देता आले नाही तर तक्ता पुढे पाठवत नाही. तो अडतिसावा मुलगा बोलायला आला म्हणून आमची चूक कळली. प्रत्येक वेळी असा मुलगा येईलच असे नाही.